तिसऱ्या रांगेतलं हसू

माझी आत्या हसायला लागली की घरातलं काम बंद पडायचं. तिच्या हसण्याचे टप्पे ठरलेले होते. आधी खांदे हलायचे. मग नाकातून बारीक शिट्टी यायची, किटलीतल्या पाण्याला आधण यावं तशी. या टप्प्यावर कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, तर ती कदाचित सावरायची. पण पाहिल्याशिवाय कुणाला राहवायचं नाही, आणि मग स्फोट. हसून हसून ती खुर्चीवरून घसरायची, डोळे पुसायची, "अगंबाई, मेले!" म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आजोबा तिला खुळखुळा म्हणायचे. शाळेत ती वर्गात बसली त्याहून जास्त वर्गाबाहेर उभी राहिली.

एकदा शेजारचे गृहस्थ वारले म्हणून आजी तिला सांत्वनाला घेऊन गेली. सगळे माना खाली घालून बसलेले. तेवढ्यात एका जाडजूड पाहुण्यांच्या खुर्चीतून 'कुईं' आवाज आला. पाहुणे ओशाळून हलले, पुन्हा 'कुईं'. आत्याची शिट्टी सुरू. आजीने चिमटा काढला, उपयोग शून्य. शेवटी त्या गृहस्थांची बायकोच रुमालात तोंड खुपसून गदगदायला लागली, आणि ती काही रडत नव्हती. "ते असते तर सगळ्यांत आधी तेच हसले असते," असं ती नंतर म्हणाली म्हणे. आजी मात्र आठवडाभर त्या रस्त्याने फिरकली नाही.

अशा बाईला नोकरी लागली ती नेमकी कॉलेजच्या ग्रंथालयात, वाचनकक्षातल्या टेबलावर. दोन वर्षं तिने जीव मुठीत धरून काढली. मग एका दुपारी तर्कशास्त्राचे प्राध्यापक स्वतःच लिहिलेलं पुस्तक वाचता वाचता झोपले. ते घोरले की समोरचं पान उभं राहायचं, श्वास आत घेतला की आडवं पडायचं. आत्याने सहा वेळा पान उठताना पाहिलं. सातव्या वेळी परीक्षेचा अभ्यास करणारी चाळीस पोरं तिच्यासकट टेबलांवर कोसळली.

ग्रंथपालांनी तिला काढलं नाही, तळघरात पाठवलं. तिथे पुस्तकबांधणीचा विभाग होता. एक लांब टेबल, पुठ्ठ्यांचे ढीग, खळीचं भांडं, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, आणि बांधणीवाले काका. काका तीस वर्षं तिथे होते आणि एका वेळी तीनच शब्द बोलायचे. "सुई सरळ धर." "खळ पातळ झाली." चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. आत्या हसायला लागली की ते हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत उभे राहायचे, ती शांत झाली की पुन्हा सुई ओवायचे. चिडले नाहीत, हसलेही नाहीत. आत्याला ते तळघर फार आवडलं. ती शिवण शिकली, कण्यावर कापड चढवायला शिकली आणि चौतीस वर्षांची होईपर्यंत काकांइतकंच सफाईचं पुस्तक बांधायला लागली.

आमचं गाव म्हणजे कॉलेज आणि कॉलेजभोवतीची घरं. उन्हाळ्यात मुलं निघून गेली की गाव ओसाड पडायचं. म्हणून कॉलेजने आणि नगरपालिकेने मिळून उन्हाळी कलामहोत्सव सुरू केला होता. सहा आठवडे सगळ्या गावाला खूळ लागायचं. पशुवैद्य व्हायोलिन वाजवायचे. भूमितीच्या बाई हिरवळीवर सगळ्यांना नाच शिकवायच्या, तोही कोन मोजून. वेल्डिंगवाल्याने जुन्या सायकलींची एक भलीमोठी लोखंडी कोंबडी करून फाटकापाशी ठेवली होती आणि तिच्यात खरोखरच्या चिमण्यांनी घरटं केलं होतं. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका तळघरातच शिवल्या जायच्या, म्हणून दोघांनाही प्रवेशिका फुकट मिळत. काका कधीच जायचे नाहीत. त्यांची प्रवेशिका माझ्या आईला, म्हणजे आत्याच्या वहिनीला मिळायची.

त्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचं एक विनोदी नाटक होतं. पहिला प्रयोग. प्रेक्षागृहात जेमतेम चाळीस माणसं, त्यात उकाडा. सगळे पत्रिकेनेच वारा घेत बसलेले. नट वाक्य टाकायचे आणि हशासाठी थांबायचे. हशा यायचा नाही. मग तेच घाम पुसून पुढचं वाक्य म्हणायचे. वीस मिनिटं असं चाललं. आईने घड्याळ पाहिलं. इतक्यात एक नट रागारागाने घर सोडून निघाला, त्याने बॅग उचलली आणि नुसती मूठ हातात आली. बॅग जागेवरच. हे नाटकात लिहिलेलं होतं की खरंच घडलं, कुणालाच कळेना. नट ती मूठ घेऊनच ऐटीत दारातून निघून गेला.

तिसऱ्या रांगेत खांदे हलले. शिट्टी आली. आई म्हणाली, "वन्सं, नको हं." झालं!

पुढच्या पाच मिनिटांत सगळं प्रेक्षागृह मुरकुंडी वळून बसलं होतं. निम्मे लोक नाटकाला हसत होते, निम्मे आत्याला. आणि गंमत म्हणजे त्यानंतर नाटक खरंच विनोदी वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिका बाई तळघराच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरल्या.

"काल हसलेल्या बाई इथेच असतात का?"

आत्याच्या हातातली सुई खाली पडली. "माफ करा. मी पुन्हा येणार नाही. माझं लहानपणापासूनच असं आहे."

"येणार नाही काय म्हणता? तुम्ही रोज यायचंय!"

"रोज? अहो, मला मुद्दाम हसता येत नाही."

"मुद्दाम हसूच नका. नुसत्या येऊन बसा. तिसरी रांग, पाचवी खुर्ची. आमचे नट सकाळपासून गातायत, माहितीये? काल पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपल्याला काही येतं."

आत्याने काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, "जा की मग."

आत्याला धास्ती एकच. तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून हसू आलं नाही तर? ती धास्ती फोल निघाली. विनोद आता माहीत झाल्यामुळे तिला तो यायच्या आधीच हसू यायला लागलं. नट बॅगेकडे नुसता वळला की तिसऱ्या रांगेतून शिट्टी. प्रेक्षक सावध. मग बॅगेकडे बघून सगळे आधीच हसायचे आणि मूठ निघाली की पुन्हा हसायचे. एका विनोदात दोन हशे! नटांची सुरुवातीला फार तारांबळ उडाली. एकाने तर पुढच्या अंकातलं वाक्य म्हणून टाकलं. पण चौथ्या दिवसापर्यंत त्यांना सवय झाली आणि बाहेर रांग लागायला लागली. चार प्रयोगांचं नाटक अकरा प्रयोग चाललं. लोक तिकीट काढताना विचारायचे, "त्या बाई आहेत ना आज?"

आत्या तरंगत होती. रस्त्यातून जाताना अनोळखी माणसं तिला नमस्कार करायची. ज्या हसण्यापायी उभ्या आयुष्यात फक्त बोलणी खाल्ली, त्या हसण्यासाठी खुर्ची राखून ठेवतात, हे तिला खरंच वाटेना. घरी आल्यावर ती अंगणात एकटीच गिरक्या घ्यायची. बाबा म्हणायचे, "खुळखुळ्या, चक्कर येऊन पडशील."

शेवटच्या आठवड्यात मात्र गाडं अडलं. महोत्सवाची सांगता दरवर्षी दातांच्या डॉक्टरांच्या नाटकाने व्हायची. डॉक्टर चाळिशीचे, एकटेच राहणारे, फार गंभीर गृहस्थ. दात काढणं हा त्यांचा धंदा, पण दुसऱ्याने दात काढलेले त्यांना खपत नसत. त्यांनी स्वतःच एका पराभूत राजाची शोकांतिका लिहिली होती आणि नऊ उन्हाळे ते स्वतःच राजा होऊन शेवटी मरत होते. त्यांनी चिठ्ठी पाठवली: तिसऱ्या रांगेतल्या बाईंना माझ्या नाटकाला कृपया आत सोडू नये.

त्या दिवशी आत्या अजिबात हसली नाही. तळघरात इतकी शांतता होती की काकांनाच चैन पडेना. त्यांनी खळ ढवळली, शिकंजा उगाच सैल केला, पुन्हा घट्ट केला.

"त्यांचं बरोबर आहे काका," आत्या म्हणाली. "मी आजवर भीतीने ते नाटक टाळलंच, यंदाही जाणार नाही. राजा मरतोय आणि मी खिदळतेय, बरं दिसेल का?"

काकांनी हात पुसले. "उद्या आपण जाऊ."

"तुम्ही? नाटकाला?"

"तिकीट मी काढतो."

आणि खरंच, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन तिकिटं काढली. दारावरच्या माणसाने आत्याला ओळखलं, चिठ्ठीचं काहीतरी पुटपुटला. काकांनी त्याच्याकडे त्या एरंडेली चेहऱ्याने असं पाहिलं की तो मुकाट्याने बाजूला झाला. दोघं तिसऱ्या रांगेत बसली. आम्ही मागे होतो. आत्याने सुरुवातीलाच रुमालाचा बोळा तोंडात धरला.

नाटक लांबलचक होतं, पण वाईट नव्हतं. शेवटी राजा सगळं गमावतो. दरबारी पळून गेलेले. उरलेला असतो फक्त त्याचा म्हातारा स्वयंपाकी. राजा त्याला म्हणतो, "उद्या माझ्यासाठी काही रांधू नकोस." आणि मरतो.

डॉक्टर जरा जोरातच मेले. त्यांचं डोकं सिंहासनाच्या पायरीवर आपटलं, मुकुट सुटला आणि घरंगळत रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. तिथून तो खाली पडला, पहिल्या रांगेसमोर गोल गोल फिरला, फिरतच राहिला, आणि शेवटी 'टण्ण' करून आडवा झाला.

सगळ्या प्रेक्षागृहाने माना वळवून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. झाकण उडायची वाट बघत चारशे माणसं श्वास रोखून बसली होती.

आत्या रडत होती. नाक लाल, गालांवर पाणी. तिने मुकुट पाहिलाच नव्हता.

आणि तेवढ्यात तिच्या शेजारून आवाज आला. बदकाच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तसा. काका! तीस वर्षांचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडत होतं. ते समोरच्या खुर्चीवर डोकं टेकून, पाय आपटून, गुडघ्यावर थापा मारून हसत होते, आणि त्यांना ते नीट येतही नव्हतं. मग कोण थांबतंय! भूमितीच्या बाई हसल्या, पशुवैद्य हसले, माझी आई तर खुर्च्यांच्या मध्ये खालीच बसली. शेवटी झग्याखाली मेलेल्या राजाचं पोटसुद्धा हलायला लागलं.

पडदा पडला. डॉक्टर राजाच्या खोट्या दाढीसकट खाली आले आणि तरातरा तिसऱ्या रांगेकडे निघाले. आता भांडण होणार म्हणून सगळ्यांनी माना उंचावल्या. ते आत्यासमोर थांबले.

"तुम्ही... रडत होतात?"

"मग काय करू?" आत्या हुंदका गिळत म्हणाली. "तो बिचारा स्वयंपाकी. उद्या सकाळी उठून तो काय करेल?"

डॉक्टर मटकन शेजारच्या खुर्चीत बसले. "नऊ वर्षं मरतोय मी. आजपर्यंत माझी आईसुद्धा रडली नाही."

ते मान हलवत होते आणि त्यांची अर्धवट सुटलेली दाढी एका कानाला लोंबत होती. आत्याचे खांदे हलले.

"हसा," डॉक्टर म्हणाले. "आता मी मेलेलोच आहे. चालेल."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर दंतशास्त्राचा एक फाटका ग्रंथ बांधायला घेऊन तळघरात आले. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्या ग्रंथाची पानं काकांनी उजेडात धरून पाहिली आणि निकाल दिला, "मुद्दाम फाडलीत पानं." डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. आत्या टेबलाखाली सुई शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्यांनी लग्न करायचं ठरवलं. नोंदणी कार्यालयात गेलो आम्ही. हिरवी भिंत, मोठं टेबल, त्यामागे कडक इस्त्रीचे निबंधक. त्यांनी विचारलं, "आपली संमती आहे का? स्पष्ट सांगा." डॉक्टरांनी रंगमंचावरच्या आवाजात "आहे!" अशी आरोळी ठोकली की खिडकीतली कबुतरं उडाली. झालं, आत्याची किटली तापली.

"बाई, स्पष्ट सांगावं लागेल," निबंधक म्हणाले. "मान हलवलेली चालत नाही. हसलेलंही चालत नाही."

आत्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा 'आ' पर्यंत पोचली. वीस मिनिटं झाली. बाहेर बसलेलं पुढचं जोडपं दारातून डोकावायला लागलं आणि कशाला हसतायत ते न कळताच तेही हसू लागलं. बाबांनी पाणी आणलं, ते आत्याने डॉक्टरांच्या नव्या कोटावर फवारलं. काका साक्षीदार म्हणून उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण पाठ गदगदत होती. निबंधकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"घाई नाही," डॉक्टर त्यांना म्हणाले. "दवाखाना आज बंदच ठेवलाय."

मग आत्याने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "आहे आहे आहे, लिहा लवकर!"