शेपटीवरचा टी

कळंबच्या एका रिसॉर्टनं दारात शोभेला पत्र्याचं लढाऊ विमान उभं केलंय. शेपटीवर आकडा, त्यापुढं 'टी'. लोक हसत फोटो काढतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते.

हवाई दलातून रजेवर आलेल्या दादानं खळ्यावर काडीनं असाच टी काढला होता. नव्या भाताचा वास सुटला होता.

"आई, माझ्या विमानाला टी हाय. म्हंजे दोन सीटचं. मागं शिकवणारे गुरुजी असतात. मी एकटा नाय गं."

निघताना आईनं लाडवांचे दोन डबे भरले, एक गुरुजींसाठी.

पुढं दादाचं विमान पडलं. टीव्हीवर नुसता आकडा दाखवला, टी नव्हता. दादा एकटाच होता, नेहमीच. मी टीव्ही बंद केला.

आईनं डोळे पुसले. "त्या गुरुजींच्या आईला कुणी कळवलं का रं?"