इमारतीच्या पोटातली वाट

आमच्या साहेबांचा शहरात पुतळा नाही, की त्यांच्या नावाचा रस्ता नाही. ते आर्किटेक्ट, आणि बांधकामही स्वतःच करणारे. त्यांच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं पत्रव्यवहार आणि दप्तर मी सांभाळलं. मी वाणिज्य शाखेचा. नकाशातलं मला फारसं कळत नाही. पण एवढं दिसायचं, की साहेबांच्या प्रत्येक इमारतीच्या पोटातून एक वाट आरपार जाते. पुढच्या रस्त्यावरून शिरायचं, मागच्या रस्त्यावर निघायचं. दोन माणसं छत्र्या उघडून शेजारून जातील एवढी रुंदी, मध्ये दोन दगडी बाकं, पिण्याच्या पाण्याचा नळ. वाट कोणालाही खुली.

जिथे गाळे निघाले असते तिथे वाटा निघाल्या. भागीदार वैतागून सोडून गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही इमारती बांधत नाही, बोळ बांधता." साहेबांना हे इतकं आवडलं, की ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

अशा सात वाटा झाल्या. सातवी रुग्णालयासमोरची. बसथांब्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत साठ पावलं. वळसा घालून गेलं तर पंधरा मिनिटं, तीही चढाची.

वाट सर्वांची, असा कागद मात्र कुठेच नव्हता. दर इमारतीच्या वेळी मी मसुदा करून पुढे ठेवायचो, की ही जागा नगरपालिकेच्या नावे करावी. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि परत द्यायचे. "नगरपालिकेला दिली तर उद्या तिथे टपऱ्या बसतील. राहणाऱ्यांच्याच ताब्यात असू दे. दाराशी आलेल्याला कोण अडवतं हो?" मी मसुदा फाइलला लावायचो. सात मसुदे, सही एकावरही नाही. मीही कधी हट्ट धरला नाही.

पुढे साहेबांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली, कचेरी बंद झाली, मी दुसरीकडे लागलो. आणि एकेका वाटेला फाटक बसत गेलं. सहा वर्षांत सहा.

उरली सातवी. त्या इमारतीत साहेबांची मुलगी राहते, तीच सोसायटीची अध्यक्ष. फाटकाचा विषय सभेत निघाला तेव्हा साहेब काठी टेकत आले. सोबत मी होतो.

"बाबा, मोटारसायकली सुसाट घुसतात," मुलगी म्हणाली. "परवा पहिल्या मजल्यावरच्या काकू थोडक्यात वाचल्या."

"मग तोंडाशी दोन खांब रोवा. माणूस जाईल, गाडी अडेल."

"आणि बाकांवर झोपतात त्यांचं काय?"

"दमलेला माणूस झोपणारच, बाळ."

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, समाजसेवा तुमची आणि झाडू आमचा!" सगळे हसले. साहेबही हसले, मग माझ्याकडे वळले. "आपला तो कागद आहे ना?"

"आहे, साहेब. सही नाही."

"म्हणजे नाही."

हात वर करून मतं घेतली. मुलीचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला. पण गेला.

दर बुधवारी साहेबांना रुग्णालयात हाताच्या व्यायामाला जावं लागतं. फाटक लागल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी रजा टाकून बरोबर गेलो. नवा पहारेकरी होता.

"आजोबा, कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही. पलीकडे."

"मग बाहेरून जा. इथून बंद आहे."

मी पुढे सरसावलो. "अहो, हे कोण आहेत माहीत आहे का?" साहेबांनी माझी बाही धरली. "त्याला दिलेलं काम तो करतोय."

"ताईंना फोन करतो. त्या उघडून देतील," मी म्हणालो.

"नको. तिच्या ओळखीने गेलो, तर ती माझी वाट होईल. वाट माझी नव्हतीच कधी."

आम्ही चढाला लागलो. अर्ध्यावर त्यांना धाप लागली. बसायला मी इकडेतिकडे पाहिलं. साधा कट्टासुद्धा नव्हता. ते एका भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डावा हात उजव्या हातात धरून.

पोहोचलो तेव्हा व्यायामाच्या नोंदणीची खिडकी बंद झाली होती. "पुढच्या बुधवारी या, लवकर निघत जा," आतून बाई म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले. बसथांब्याकडे परत जायलाही तोच वळसा होता.