होतंय, वहिनी

पूनम सागर सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते गृहस्थ खुर्चीत कधी टेकून बसले नाहीत. अगदी कडेला बसायचे, आणि उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राहायचा. माझ्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स त्यांनीच टाकून दिलं होतं. "चोरीचं कशाला वापरायचं, वहिनी? हे फुकट आहे आणि आपलं आहे."

सगळं चाललं, फक्त ब्राइटनेस कमी-जास्त करायची बटणं चालेनात. स्क्रीन कायम भगभगीत. भाषांतराचं काम करताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं.

दर रविवारी ते सायबर कॅफेतून छापून आणलेला नवा कागद घेऊन यायचे, त्यातल्या ओळी टाइप करायचे, बटण दाबायचे. काही व्हायचं नाही. "होतंय, होतंय," म्हणेपर्यंत चहावर साय धरायची. चार महिने हेच. शेवटी मी गुपचूप स्टेशनजवळच्या दुकानातून विंडोज परत टाकून आणलं.

त्या रविवारी मी काही सांगायच्या आत त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन अलगद मंद झाली.

"झालं! वहिनी, झालं की!"

मग त्यांची नजर खालच्या कोपऱ्यातल्या विंडोजच्या स्टार्ट बटणावर गेली. हातातल्या कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

"डोळ्यांना बरं वाटतंय ना आता?"

मी हो म्हटलं. त्यांचा पाय थांबला होता.