कॅज्युअल्टीतली शिट्टी

भूत-प्रेत, करणी, अंगात येणं... मी काहीच मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, मंग मले नावं ठेवू नका. शिकलो जेमतेम सातवीपर्यंत, पण भिलाईच्या प्लांटमधे उभी जिंदगी ओव्हरहेड क्रेन चालवली. खाली लालभडक लोखंड, वर केबिनमधे मी एकटा. तिथं भूत आलं असतं तर भाजूनच मेलं असतं.

तर क्रेनवाल्याचं असं असते — एकदा शिडी चढला की शिफ्ट संपेपर्यंत उतरणं नाही. लघवी आली तरी धरून ठेवायची. आमच्यात ती इज्जतीची गोष्ट होती! म्हणून रिटायर झाल्यावर माझी धार बारीक झाली, बाथरूमात उभं राहून राहून पाय दुखाले लागले, तरी मी म्हणायचो, "जुना कंट्रोल आहे."

आमची बुढी, म्हणजे बायको, म्हणे, "आवो, कंट्रोल नाही, बिमारी आहे ते. डॉक्टरले दाखवा."

"कोन्याच डॉक्टरले मी ते दाखवणार नाही." विषय खतम.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी कंट्रोल पक्काच बसला. थेंब नाही! पोट मडक्यासारखं टणक. माझ्या पोट्ट्यानं, लेकानं, गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणे, "दादाजी, प्रोस्टेट बढ़ गया है, रास्ता बंद है. नली डालनी पड़ेगी."

नळी कुठून टाकतात ते समजलं तसा मी पलंगाचा दांडा पकडला. "मरतो, पण नळी नाही!"

केरळची सिस्टर हातमोजे घालून जवळ आली. बुढी हात जोडून देवाचं नाव घेऊन राहिली होती. अन् तेवढ्यात... शिट्टी.

लांब, शेवटी जराशी तुटलेली. अशी शिट्टी एकाचीच — दुखालूची. दुखालू म्हणजे माझा खलासी, उतई गावचा. खाली उभा राहून शिट्टीनं मले इशारा देणारा. ही लांब शिट्टी म्हणजे "माल खाली सोड." साहेब बोंबलला तरी मी हलत नव्हतो, दुखालूच्या शिट्टीवरच माझा हात चाले. अन् दुखालू तर आदल्या वर्षीच वारला होता!

मी सोडलं. पलंग, चादर, सिस्टरच्या चपला... कशालेच सोडलं नाही.

"सीटी कौन बजाया?" सिस्टर भडकली. "ये अस्पताल है!"

म्हणजे तिनंबी आयकली! डॉक्टरनं नाही आयकली. बुढी म्हणे, "शिट्टी-बिट्टी मले माहीत नाही, पण तुमचा उजवा हात हवेत कोणतं हँडल फिरवून राहिला होता?"

डॉक्टरनं बजावलं, "आज निकल गया, बीमारी वहीं है. ऑपरेशन कराइए." मी म्हटलं, कायचं ऑपरेशन! दुखालूनं काम केलं.

त्याच खुशीत नारळ घेऊन पोट्ट्यासंग उतईले गेलो. दुखालूच्या बायकोले लाज सोडून सगळं सांगितलं. मले वाटलं, भौजी हासन. हासली नाही. खालीच पाहत म्हणे, "ओहू ल इही बीमारी रिहिस भैया. लाज के मारे डॉक्टर ल नइ देखाइस."

त्यालेबी हेच होतं! लाजेपायी लपवलं, आतल्या आत तुंबून किडन्या गेल्या. आमाले तर हार्ट अटॅक सांगितला होता. माझ्या डब्यातली भाकर खाणारा माणूस... मले एका शब्दानं बोलला नाही. अन् मी तरी त्याले माझं कुठं सांगितलं होतं?

परत येताना पोट्ट्याले म्हटलं, "गाडी दवाखान्यात घे."

ऑपरेशन झालं. नळीबी घातली, थैली हातात धरून वॉर्डात फिरलो. मेलो नाही. आता बाथरूमात गेलो का बुढी बाहेरून म्हणते, "हळू जी, शेजारी आयकतीन!"

सिस्टरले मी परत विचारलं. म्हणे, "सीटी तो हम सुना दादाजी. किधर से आया, मालूम नहीं." खिडक्या बंद, एसी चालू, आसपास शिट्टीवाला कोणीच नाही. मले आजवर समजलं नाही. तुमच्यात कोणाले समजत असन तर सांगा. पण ज्याची धार बारीक झाली असन, त्यानं आधी डॉक्टरले दाखवून यावं, मंग मले उत्तर द्यावं.