नानांचा अर्धा कप चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, भूल देणाऱ्या माझ्या मित्राला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका झालं.

जळगावात मुतखड्याची ऑपरेशनं करतो मी. पाठीत लहानसं छिद्र, त्यातून दुर्बीण, खडा फोडून बाहेर. पूर्वी सुई एक्स-रेवर बघून घालायचो, मग सोनोग्राफीवर शिकलो. आणि काय मिरवलं म्हणता! एक्स-रेत आतडं दिसत नाही, सोनोग्राफीत वाटेतलं सगळं दिसतं — हे मीच सगळ्यांना ऐकवायचो. दिसतं हो. दिसतंच.

सात वर्षांपूर्वी धरणगावच्या सुमनबाई आल्या. सोबत त्यांचे यजमान — गाव त्यांना नाना म्हणतं. त्या दिवशी माझी नवी पद्धत बघायला दोन तरुण डॉक्टर आले होते. सुईच्या वाटेवर, मूत्रपिंडाच्या कडेला, एक पांढरी रेघ चमकली. सिस्टर हळूच म्हणाली, "सर, आतडं तर नाही ना?" मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. सुई काढायची, दुसरी वाट धरायची — पाच मिनिटांचं काम. पण त्या दोघांसमोर हात मागे घ्यायचा? मी? "काही नाही," म्हणालो आणि सुई पुढे सारली.

तिसऱ्या दिवशी पाठीतल्या छिद्रात ठेवलेल्या नळीतून घाण येऊ लागली. आतड्याला भोक पडलं होतं. पोट उघडलं, मोठ्या सर्जनना बोलावलं... पण विष अंगभर पसरलं होतं. अकराव्या दिवशी बाई गेल्या.

थांबा. एवढंच असतं तर — नाही, पुढचं सांगतो.

बाहेर नाना आणि त्यांची मुलगी उभे होते. मी विचारलं — का विचारलं मी? — "ऑपरेशनच्या सकाळी उपाशीच होत्या ना?" नानांनी खाली बघत कबूल केलं. पहाटे सुमनबाईंना तलफ आली म्हणून अर्धा कप चहा दिला होता त्यांनी. बुडत्याला काडी सापडली. "तरीच," मी म्हणालो. चहाचा आणि त्या भोकाचा तिळमात्र संबंध नव्हता. मुलीने बापाकडे कसं पाहिलं, ते मी पाहिलं.

"मन्हीच चूक शे, साहेब," म्हणत नाना माझ्याच पाया पडले. आणि मी पडू दिलं!

मुलगी त्यानंतर माहेरी आलेली नाही. नानांनी चहा सोडला. आमच्या खान्देशात चहाशिवाय कुणी कुणाला दारातून हलू देत नाही, अहो. आणि हा माणूस सोयऱ्यांकडे गेला तरी कप पालथा घालतो.

गेल्या महिन्यात नाना स्वतःच आले, खडा घेऊन. दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाहीत — माझ्यावर विश्वास! टेबलावर झोपवताना म्हणाले, "पोटमा पानीना थेंब भी नही शे, साहेब." पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी मी तीनदा सुई मागे घेतली. या वेळी बघायला कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर सिस्टरने ठेवलेला चहा त्यांनी हाताने दूर सारला होता. खोलीत आम्ही दोघेच. "आता चालेल हो चहा, नाना," मी म्हणालो. त्यांनी कप आणखी लांब सरकवला. तुमच्या चहाने काही झालं नव्हतं — एवढंच तर म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं.

मी फाईलवर सही केली आणि पुढच्या खोलीकडे गेलो.