आक्कांची खरड छाटणी

आक्का देवळात जाताना चपला बाहेर काढत, पण कात्री आत नेत. छाटणीची, लाल मुठीची कात्री कायम कमरेला खोचलेली असायची. लग्नाला निघाल्या तरी तिची जागा बदलत नसे. निफाडकडच्या द्राक्षबागांत त्या छाटणीच्या टोळीच्या मुकादम होत्या. गुडघे गेले तेव्हा मुलाकडे नाशिकला राहायला आल्या आणि आठवडाभरात आमच्या कॉलनीचं उद्यान त्यांनी आपलं करून टाकलं.

उद्यान म्हणजे दोन झोके, पाच जांभळं आणि मोटर जळालेली बोअर. पाण्यावाचून जांभळं वाळत चालली होती. आक्का रोज सकाळी लंगडत घरून कळशी आणायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सुनवायच्या, "नुसतं फिरायला येता, येताना तांब्याभर पाणी आणायला काय होतं?" त्या धाकाने मीसुद्धा बाटली घेऊन जाऊ लागलो.

उद्यानाच्या सुधारणेसाठी महापालिकेचा निधी मंजूर झाला, पण हाती यायच्या आधीच निम्म्यावर आला. मी उद्यान समितीचा चिटणीस, म्हणजे अर्ज लिहिणारा. नवी यादी मी सगळ्यांना खूश ठेवत केली. प्रत्येक कामातून थोडं थोडं कमी केलं. कमान जरा बुटकी, फरशी जरा पातळ, बाकं थोडी कमी, मोटर कमी ताकदीची. मोठ्या अभिमानाने आक्कांना वाचून दाखवली.

"ही मोटर पाणी वर आणील का?"

"बहुतेक नाही."

"मग ठेवली कशाला? भाऊ, तुमच्यासारख्या छाटणीवाल्याला मी भाकरीच्या सुट्टीआधी घरी धाडायचे. खरड छाटणीत सगळ्या काड्या उतरवल्या की बाग उजाड दिसती, माणूस भितं, नुसते शेंडे खुडत बसतं. मग घड कुठून येणार?"

त्यांनी यादी पुन्हा वाचायला लावली. प्रत्येक कामाला एकच प्रश्न, "हे नसलं तर कोणाचं अडतंय?" कमान गेली. फरशी गेली. सेल्फी पॉइंट म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर त्या एवढ्या हसल्या की तो मी न विचारताच खोडला. बाकांपाशी मात्र त्या थांबल्या. तेव्हाही एका हाताने जांभळाचं खोड धरूनच उभ्या होत्या.

"बाकं बी काढा."

"आक्का, तुम्ही बसणार कुठे?"

"झाडं जगली तर सावलीत उभी राहीन. लिहा."

यादीत पूर्ण ताकदीची मोटर आणि नळ एवढंच उरलं. महापालिकेच्या कार्यालयातले साहेब वैतागले. "मावशी, कमान नाही तर उद्घाटन कशाचं करायचं?"

"फीत नळाला बांधा. कात्री माझी हाय."

साहेब म्हणाले, बघू. आक्का म्हणाल्या, बघा, मी बसते. तीन दिवस त्या कार्यालय उघडताना हजर. समोरच्या खुर्चीत बसून डबा खायच्या आणि साहेबांच्या टेबलावरच्या कुंडीतली वाळकी पानं छाटत राहायच्या. वाळकी संपली तेव्हा हिरव्यांना हात घातला. झाड निम्मं झालं आणि साहेबांनी सही केली. फीत खरंच नळाला बांधली. नळ सोडताना उद्घाटनाच्या पाहुण्यांचा सदरा भिजला आणि आक्का जांभळाला टेकून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. मुलाने कात्री मला आणून दिली. फार रडलो मी त्या दिवशी.

यंदा निधी पुन्हा कापला. नव्या यादीत पहिलं काम मीच घातलं होतं, आक्कांच्या नावाचं बाक. दुसरं, नव्या रोपांसाठी ठिबकच्या नळ्या. पैशात दोन्ही बसेनात. सवयीने दोन्हींतून थोडं थोडं कमी करायला घेतलं आणि माझीच मला लाज वाटली. बाक खोडलं.

यादी घेऊन त्याच साहेबांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली. "मावशींचं बाक काढलंत? आणि नुसत्या नळ्या? वरून मंजूर होणं अवघड आहे."

"बघा," मी म्हणालो, "मी बसतो." पिशवीतून लाल मुठीची कात्री काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी आधी कुंडी उचलून खिडकीत ठेवली. मग पेन शोधू लागले.