वकीलबाई आणि चिमणीपुरतं पाणी

आमच्या वकीलबाईंकडे कुणी शेतकरी आला की त्या नावगाव विचारण्याआधी विचारत, "तुमचं वावर कसं आहे?" आणि उत्तर पसंत पडलं नाही तर त्याला सरळ परत पाठवत. "कसं असनार बाई, हाये बापा कसंतरी," असं कुणी म्हटलं की त्या चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "मग कसंतरीच वावर सरकारने कसेतरी पैसे देऊन घेतलं, त्यात बिघडलं काय? चहा प्या आणि घरी जा." माणूस खरंच चपला घालायला लागला की मोठ्याने हसत. "अहो, निघालात कुठे? बसा. आता पुन्हा सांगा."

त्या यवतमाळच्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी मास्तर, कुणी कारकून, कुणी वकील. शेतीशी संबंध शून्य. "आमच्याकडे जमीन म्हणाल तर तुळशीची एक कुंडी आहे, तीही दोघा भावांत वादात," असं त्या सांगत. पण रस्त्यासाठी जमिनी गेलेल्या माणसांचे वाढीव मोबदल्याचे दावे त्यांनी इतके लढवले होते, की दारव्ह्यापासून महागावपर्यंत कुठल्याही गावात 'वकीलबाई' म्हटलं की नाव विचारावं लागत नसे.

आमचंही वावर गेलं होतं. बोरी अरबच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथून बायपास निघाला आणि नेमका आमच्या वावराच्या मधून गेला. दोन्ही बाजूंना तुकडे उरले, विहीर मात्र रस्त्याखाली गाडली गेली. ती विहीर माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, तरुणपणी स्वतः खणली होती. तिच्यावर हिवाळ्यात गहू व्हायचा, हरभरा व्हायचा, बांधाला संत्र्याची झाडं होती. आता उरलेलं वावर ओलिताखाली राहायचं तर नवी विहीर हवी होती. पण मोबदला मिळाला कोरडवाहू जमिनीचा. निवाड्यात लिहिलं होतं, 'विहीर आहे, पाणी नाही.' त्या पैशांत नवी विहीर अर्धीसुद्धा झाली नसती.

हे असं का लिहिलं गेलं, ते ऐकून वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मोठेबाबांना विचारलं होतं, "विहिरीला पाणी किती?" आणि मोठेबाबा म्हणाले होते, "कायचं पाणी साहेब! हाये चिमणीच्या प्यायापुरतं." साहेब बाहेरचे. त्यांनी ते तसंच धरलं.

आमच्याकडचा माणूस हे वाक्य ऐकून समजला असता, की विहीर तुडुंब आहे. आपलं चांगलं आहे असं आमच्याकडे कुणी तोंडाने म्हणत नाही. पीक जोरात आलं तर "बरं हाये", पोरगा नोकरीला लागला तर "लागला कुठीतरी", म्हैस भरपूर दूध देत असली तर "देते चहापुरतं". चांगलं बोललं की दीठ लागते, हे एक. आणि सरकारी माणसाने पिकापाण्याची चौकशी केली की त्यामागून काहीतरी वसुली येते, हा जुना अनुभव. मोठेबाबा तर या बाबतीत गावात पहिल्या नंबरचे. त्यांना कुणी तब्येत विचारली तरी ते आधी थोडं खोकून घेत.

म्हणून वकीलबाईंनी दावा लावला तेव्हा कागदांपेक्षा जास्त मेहनत आमच्या माणसांच्या जिभेवर घेतली. तारखेच्या आदल्या रविवारी ज्यांची ज्यांची जमीन गेली होती त्या सगळ्यांना त्या बोलावून घेत. लाकडी खुर्ची उलटी करून तिचा साक्षीदाराचा पिंजरा करत, आणि स्वतः सरकारी वकील होऊन दरडावत, "सांगा, जमीन कशी आहे?" आमचे शेजारी हिरामणकाका एकदा फारच जोरात आले. म्हणाले, "बाई, माह्या वावरात सोनं पिकते सोनं!" बाई म्हणाल्या, "मग माझ्याकडे कशाला आलात? खाणवाल्यांकडे जा." सगळी बैठक हसली. हिरामणकाका खुर्चीमागून म्हणाले, "तुमीच म्हनता ना, चांगलं बोला!" "चांगलं बोला म्हटलं, हिरामणराव. खोटं बोला म्हटलं नाही. जेवढं आहे तेवढं सांगायला काय होतं?"

मोठेबाबांची पाळी आली की ते खुर्चीमागे उभे राहून छताकडे पाहत. "विहिरीला पाणी होतं?" "होतं जी." "किती?" इथे ते अडकत. "आता… होतं म्हना ना." बाई वाट पाहत. मोठेबाबांच्या कपाळावर घाम येई. शेवटी ते पुटपुटत, "चिमणीच्या…" आणि बाई टेबलावर थाप मारत, "त्या चिमणीला उडवून लावा हो आधी!"

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेले, बियाणं महाग, आणि पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव. बाहेरगावाहून लोक कॅमेरे घेऊन येत आणि घरोघरी विचारत, किती नुकसान झालं, किती वाईट आहे. आमच्या माणसांना उत्तरं द्यायची सवयच होऊन गेली होती. एकदा बैठकीत सगळेच हताश होऊन बसले असताना बाई म्हणाल्या, "सारं जग तुम्हाला विचारतं, वाईट काय आहे. मी एकटी विचारते, चांगलं काय होतं. मला तरी नीट सांगा." त्या दिवशी हिरामणकाकांनी आपल्या काळ्या मातीबद्दल जे सांगितलं ते ऐकत राहावं असं होतं.

मी तेव्हा यवतमाळला वसतिगृहात राहून बी.ए. करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोर्टाच्या तारखा विचारून गावी कळवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बाईंकडे जाणंयेणं वाढलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "अभ्यास कसा चालू आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे." "बारावीला मार्क कसे होते?" "बरे होते." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तुझ्या मोठेबाबांना तर दीठ लागायची भीती आहे. तुला काय झालं? कॉलेजात शिकतेस ना? नीट सांग." मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा आणि डब्यातले दोन बेसनाचे लाडू घेऊन आल्या. त्यानंतर परीक्षेआधी त्यांची बैठक मला अभ्यासाला उघडी असायची. "इथे बस. वसतिगृहात पोरी बोलून राहिल्या असतील," म्हणायच्या. राग आला किंवा माया आली की त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी यायची.

मोठेबाबांच्या साक्षीचा दिवस उजाडला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि गावची तीस-पस्तीस माणसं मागच्या बाकांवर. सरतपासणीत, म्हणजे बाईंच्या प्रश्नांना, मोठेबाबा बरे बोलले. पाणी होतं, गहू होत होता, मोटर होती. मग सरकारी वकील उभे राहिले. ते तरुण होते आणि सौम्य बोलत. त्यांनी एवढंच विचारलं, "पंचनाम्याच्या वेळी तुम्ही साहेबांना, विहिरीत चिमणीच्या पिण्यापुरतं पाणी आहे, असं सांगितलं होतं की नाही?"

मोठेबाबांनी बाईंकडे पाहिलं. बाई कागदाकडे पाहत होत्या.

"सांगतलं होतं जी," मोठेबाबा म्हणाले.

"तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय?"

मोठेबाबा छताकडे पाहायला लागले. बाकांवर कुणीतरी "आता गेलं" म्हटलेलं मला ऐकू आलं. विहीर डांबराखाली होती, ती आणून दाखवता येणार नव्हती. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं नुसता कोरडवाहू कापूस लिहिलेला. मोटरीची वीजबिलं बाईंनी लावली होती, पण सरकारी वकील आधीच म्हणाले होते की बिलं मोटर असल्याचं सांगतात, पाणी असल्याचं नाही.

बाई फेरतपासणीला, आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारायला, उठल्या. आम्हाला वाटलं त्या पाण्याचंच विचारतील. त्यांनी विचारलं, "तुमची बैलजोडी कशी आहे?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. बाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "साक्षीदार त्या वेळी जे बोलला, त्याचा अर्थ काय, एवढंच मला कोर्टापुढे आणायचं आहे." न्यायाधीशांनी मान हलवली.

"कशी असनार? म्हातारी झाली," मोठेबाबा म्हणाले.

"यंदा पोळ्याला तोरणाखाली सगळ्यात पुढे कुणाची जोडी होती?"

"आमचीच जी."

"घर कसं आहे?"

"कायचं घर! हाये डोकं टेकवाले."

"स्लॅबचं की कवेलूचं?"

"स्लॅबचं. दोन वर्सं झाले."

बाकांवर हसू फुटायला लागलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही तुमची पुतणी. कशी आहे शिकायला?"

"काय शिकते बापा. बसते पुस्तक घेऊन."

"बारावीला कॉलेजात कितवी आली?"

मोठेबाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी काढून हातात घेतली. "पयली," ते म्हणाले. "आमच्या खानदानात कोनी नाही शिकलं एवढं. लय हुशार हाये जी पोट्टी."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही कोर्टात, शपथेवर. मला पुढचं काही दिसेना.

"आता सांगा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "चिमणीच्या पिण्यापुरतं पाणी. त्या पाण्यावर काय काय पिकायचं?"

मग मोठेबाबा बोलायला लागले ते थांबेचनात. गहू, हरभरा, संत्र्याची झाडं, उन्हाळ्यात शेजारच्यांची गुरं पाण्याला येत ते, मोटर दिवसभर चालवली तरी तळ दिसत नसे ते. "साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले, "म्या खनली ते हिर. पानी लागलं तेव्हा पोहून वर आलतो मी."

न्यायाधीश खाली मान घालून लिहून घेत होते, पण हसत होते. सरकारी वकिलांनी आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं. बाहेर चहाच्या टपरीवर ते बाईंजवळ आले. "मॅडम, माझी आजी पण असंच बोलते. मला आधी लक्षात यायला पाहिजे होतं." बाई म्हणाल्या, "बरं झालं नाही आलं."

निकाल आमच्या बाजूने लागला. जमीन ओलिताची धरली, विहिरीचा मोबदला वेगळा मिळाला. मोठेबाबांनी रस्त्यापलीकडच्या तुकड्यात नवी विहीर खणायला घेतली.

त्याच सुमारास बाई घरात पाय घसरून पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. त्या यवतमाळला परत आल्याच नाहीत, पुढच्या वर्षी नागपूरलाच वारल्या. पण तोपर्यंत दर दोन-चार दिवसांनी मला वसतिगृहात फोन यायचा. "काय गं, लागलं का पाणी?" खाली खडक लागला होता, तेव्हा त्या खडकाला त्यांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत.

पाणी लागलं तेव्हा मी सुटीत गावीच होते. मोटर बसली त्या सकाळी चुलतभावाने आपल्या नव्या मोबाइलवरून बाईंना फोन लावला. पण विहिरीपाशी रेंज येईना. रेंज यायची फक्त बायपासच्या भरावावर. मोठेबाबा म्हणाले, "मंग पाइप तिकडे न्या. त्याईले आवाज ऐकू आला पाहिजे." तिघाचौघांनी पाइप ओढत ओढत भरावाच्या पायथ्याशी आणला. भाऊ वर उभा राहून "हॅलो, हॅलो" करत होता. मोठेबाबांनी त्याच्या हातातून फोन घेतला, उतारावर पालथे झाले आणि हात लांब करून तो धारेजवळ धरला. भाऊ ओरडला, "बुडवसान ना मोठेबाबा!"

"चूप," मोठेबाबा म्हणाले. "बाई ऐकून राह्यल्या."

रस्त्यावरून जाणारा एक ट्रक हळू झाला, ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि गेला.  थोड्या वेळाने मोठेबाबांनी फोन कानाला लावला आणि पुन्हा धारेजवळ नेला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हने, अजून थोडं ऐकू द्या."